कोरड्या फरशीवरचं पाणी

१

अकरा वाजून दहा मिनिटांनी औषधांच्या गोदामात अक्का पडल्या. लोखंडी खांबाच्या पायथ्याशी डोकं, एक चप्पल चार हात लांब, आणि अंगाखाली पाणी.

पाणीच तर तिथं असायला नको होतं.

त्या दिवशी गोदामात फरशी धुण्याच्या मशीनचा डेमो होता. महिनाभरात सरकारी तपासणी होती आणि एवढी मोठी फरशी पोछ्याने पुसून भागणार नाही, हे वरच्यांनी ठरवलं होतं. दोन मशीन शेवटपर्यंत टिकल्या. एक लहान, मागे चालत ढकलायची. दुसरी मोठी, वर बसून चालवायची. लहान मशीन आदल्या दिवशी पाहून झाली होती. आज मोठीची पाळी होती. ती पुढे घासते, मागच्या रबरी पट्टीने पाणी गोळा करून पोटात ओढून घेते, आणि ती गेल्यावर पाचव्या पावलाला मोजे घालून चाला, असं तिचा विक्रेता सकाळपासून प्रत्येकाला सांगत होता.

आणि तिच्याच मागे अक्का ओल्या फरशीवर घसरल्या होत्या.

अक्का म्हणजे सफाईच्या मुकादम. बावीस वर्षं इथं. हाताखाली आठ बायका, त्यांतली एक त्यांची स्वतःची सून. मोठी मशीन चालवायला मॅनेजरने निवडली होती ती सूनच. ती मशीनवरून उडी मारून धावली तेव्हा सासूचे डोळे उघडे होते, पण ओळख नव्हती.

"आत्याबाई! अहो आत्याबाई!"

अक्कांना अँब्युलन्समधून नेलं. सूनही बरोबर निघाली, तर मॅनेजरने तिचं कोपर धरलं.

"तू थांब," तो म्हणाला. "तुला आधी उत्तर द्यायचंय."

२

गोदामाची सुरक्षा अधिकारी त्या वेळी शेजारच्या इमारतीत आगीचे बंब तपासत होती. तिला सगळे सेफ्टीबाई म्हणत. अग्निशमन दलात पंधरा वर्षं काढून आलेली, कमी बोलणारी, खिशात कायम मोजपट्टी. ती पोचली तेव्हा मॅनेजरकडे अहवालसुद्धा तयार होता.

"सरळ आहे," तो म्हणाला. "पाणी ओढायचं बटण दाबायला पोरगी विसरली. ऑपरेटरची चूक. मोठे साहेब पाच वाजता निघतील, त्याआधी तुमची सही हवी."

"बटण बंद होतं?"

"असणारच."

"पाहिलंत?"

मॅनेजरने घड्याळात पाहिलं.

सेफ्टीबाई मशीनपाशी गेली. अपघातानंतर तिला कुणी हात लावला नव्हता, विक्रेत्यालाही नाही. तो बिचारा खोक्यावर बसून टायने कपाळ पुसत होता. तिने वाकून पाहिलं. घासायचं बटण चालू, ओढायचंही चालू.

"मॅनेजरसाहेब," ती तिथूनच म्हणाली, "दोन्ही बटणं चालू आहेत."

"मग मशीन खराब!"

"नाही हो बाई," विक्रेता ताडकन उठला. "निघायच्या आधी मी स्वतः ओढ तपासली. हात लावला तर तळवा चिकटत होता. आणि त्यानंतर ही अठरा मिनिटं पुढच्या हॉलमध्ये फिरली. हॉल बघून या, एक थेंब सापडला तर मी ही नोकरी सोडतो."

तिने हॉल पाहिला. फरशी आरशासारखी, आणि कोरडी. मग ट्रक उतरवायच्या गोदीकडे जाणारा आतला रुंद रस्ता. त्याचीही सुरुवात कोरडी होती. पाणी मध्येच सुरू झालं होतं, एखादा नळ सोडावा तसं. जिथून सुरू झालं तिथपासून खांबापर्यंत तिने पावलं मोजली. पंचवीस.

अठरा मिनिटं नीट चाललेली मशीन पंचवीस पावलांत बिघडली, आणि नेमकी माणसांच्या रस्त्यावर. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि ते फरशीत नव्हतं.

"झाकण उघडा," ती विक्रेत्याला म्हणाली.

"कुठलं?"

"घाण पाण्याच्या टाकीचं."

झाकण उघडलं आणि विक्रेत्याचा चेहरा उतरला.

३

टाकी अर्धीच भरली होती. पण तिच्या भिंतींवर पार तोंडापर्यंत पांढरट थर चढला होता, दुधाच्या भांड्याला असतो तसा.

"हा फेस कुठून आला?" विक्रेता स्वतःशीच पुटपुटला. "बाई, हे बघा. आत हा गोळा असतो. टाकी भरली की तो तरंगत वर येतो आणि ओढ बंद करतो, म्हणजे मोटरमध्ये पाणी जाऊ नये. फेस झाला तरी तो वर येतो. टाकी भरली असं त्याला वाटतं."

"मग मशीन पुढे घासत राहते..."

"आणि मागे पाणी सोडत जाते. म्हणून तर आम्ही फेस न होणारंच औषध देतो. साबण घालू नका म्हणून काल त्या लहान मशीनवाल्यानंही सांगितलं असेल, सगळ्यांना."

तिने स्वच्छ पाण्याच्या टाकीत हात घातला. पाणी साधं, बोटांना बुळबुळीत काही नाही, वास नाही. मग घाण टाकीच्या गोळ्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. लिंबाचा वास.

म्हणजे साबण स्वच्छ पाण्यात नव्हता. तिथं असता तर पहिल्याच मिनिटाला फरशीवर फेस दिसला असता. कुणीतरी तो घाण पाण्याच्या रिकाम्या टाकीत ओतून ठेवला होता. तिथं सुरुवातीला काहीच कळत नाही. पाणी येत जातं, हवेने घुसळत जातं, आणि पंधरावीस मिनिटांनी फेस गोळ्यापर्यंत पोचतो.

हा विसरभोळेपणा नव्हता, ठरवून केलेलं काम होतं.

"तुम्ही मशीनजवळून कधी हललात?" तिने विचारलं.

"एकदाच. साडेदहाला मॅनेजरसाहेबांनी चहाला केबिनमध्ये बोलावलं. पाऊण वाजेपर्यंत... म्हणजे पावणेअकरापर्यंत." तो गडबडला. "बाई, मी नाही हो केलं. माझीच मशीन मी कशाला बुडवीन?"

"केबिनमध्ये कोण कोण होतं?"

उत्तर ऐकून तिने वहीतल्या तीन नावांवर काट मारायला पेन उघडलं. पण आधी तिला खात्री हवी होती, आणि घड्याळात दीड वाजला होता.

४

पहिला संशय अर्थात लहान मशीनच्या विक्रेत्यावर. तो सकाळी आला होता, चार्जर विसरला म्हणून. चकचकीत बूट, गोड जीभ. सेफ्टीबाईने फाटकावरची वही मागवली. तो दहाला बाहेर पडला होता. मोठी मशीन ट्रकमधून आत आली ती दहा वाजून दहा मिनिटांनी. न आलेल्या मशीनमध्ये साबण कोण घालणार?

मग फिटर. स्वच्छ टाकीत पाणी त्याने भरलं होतं, आणि मोठ्या मशीनच्या नावानं तो आठवडाभर बोटं मोडत होता.

"मोडत होतो, मोडणार," तो म्हणाला. "तिच्या चार्जरला वेगळी लाईन ओढायची, तीही मीच. पण बाई, टाय घातलेला तो माणूस सकाळपासून माझ्या पाठीला डिंकासारखा चिकटलाय. मी पाईप लावला तरी हा शेजारी उभा. चहालासुद्धा आम्ही जोडीने गेलो. लग्नात नवरा-नवरी एवढे जोडीने फिरत नाहीत."

आणि सून. ती कपाटांच्या खोलीत, हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. डोळे कोरडे.

"काल तुमचं दोघींचं भांडण झालं," सेफ्टीबाई म्हणाली.

"झालं. सगळ्यांनी ऐकलं."

"कशावरून?"

"त्या म्हणाल्या, मशीनवर बसू नकोस. कारण सांगेनात. नुसतं, नको बस. मी म्हटलं, आत्याबाई, तुमच्या हट्टापायी मी जन्मभर वाकूनच राहू का? माझी पाठ बघा, तिशीत साठीची झालीय." ती थांबली. "मॅनेजर म्हणतात मी मुद्दाम केलं. सासूला पाडायला. मला तर त्या मागे आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं हो!"

"साडेदहाला कुठे होतीस?"

"केबिनमध्ये. साहेबांनी पहिल्यांदाच खुर्चीवर बसवलं. चहा संपेपर्यंत हलले नाही, कप सांडेल म्हणून."

तीन नावांवर काट बसली. मॅनेजरसोबत केबिनमध्ये होते ते विक्रेता, फिटर आणि सून. त्या पंधरा मिनिटांत मशीनपाशी जाऊ शकणारे उरले फक्त खालचे. फोर्कलिफ्टवाला आणि सफाईच्या बायका.

फोर्कलिफ्टवाला गोदीत भेटला.

"माल घेऊन मी वळणावरून येत होतो," तो सांगू लागला. "मशीन पुढे, तिच्या मागे मोकळा रस्ता. पाणी मला दिसलंच नाही, उजेड असा समोरून येतो. सरळ त्यात घातली असती तर गाडीनं घसरत जाऊन त्या पोरीला मशीनसकट भिंतीवर चेपलं असतं. तेवढ्यात अक्का बाजूच्या दारातून धावत आल्या. ती पिवळी पाटी काखेत, ओल्या फरशीची. पाटी माझ्या समोर आदळली आणि हात पसरून उभ्या राहिल्या. मी ब्रेक लावला. चार बोटं, बाई. चार बोटांवर थांबलो. त्या मागे सरल्या आणि पाय गेला."

"साडेदहाला तू कुठे होतास?"

"इथंच. दोन हमालांबरोबर ट्रक उतरवत होतो, विचारा त्यांना."

तिने विचारलं. खरं होतं.

ती परत फिरली आणि एकाएकी थबकली. पिवळी पाटी अजून तिथेच, पाण्यात आडवी पडली होती.

ती पाटी आली कुठून?

५

मोठ्या मशीनच्या डेमोत एकही पाटी लावायची नाही, ही विक्रेत्याची अट होती. फरशी कोरडीच राहते हे दाखवायचं, तर ओल्या फरशीची पाटी कशाला? सकाळी सगळ्या पाट्या काढून बायकांच्या मोरीबाहेरच्या खुंटीवर टांगल्या होत्या.

सेफ्टीबाई मोरीकडे गेली. खुंटीवर एक पाटी कमी होती. आत बेसिनशेजारी हात धुवायच्या साबणाचा मोठा कॅन. काल फोडलेला, आज तळाला गेलेला. झाकण उघडलं, लिंबाचा वास आला.

मग ती तिथून खांबाकडे चालू लागली, पावलं मोजत. मध्ये एक जिना उतरायचा, एक जड दार ढकलायचं. एकशे बावन्न पावलं.

तिने घड्याळ लावून पुन्हा एकदा केलं, या खेपेला धावत. एक मिनिटाच्या वर गेलं, आणि तिचे गुडघे अक्कांपेक्षा बरे होते.

आता विक्रेत्याला मशीनवर बसवून पंचवीस पावलांचं अंतर चालवायला लावलं. तेरा सेकंद.

म्हणजे अक्का पाटी घेऊन निघाल्या तेव्हा फरशीवर पाण्याचा टिपूसही नव्हता.

"अकरा आठला काही झालं का?" तिने विक्रेत्याला विचारलं. "काही वेगळं?"

"लाऊडस्पीकरवर मॅनेजरसाहेब बोलले ना. ठरलं होतं हॉल झाला की मागचे बोळ. दोरी लावून बंद केले होते, चिटपाखरू नव्हतं तिथं. पण मोठे साहेब गोदीत आले, तर त्यांना दाखवायला म्हणून मशीन या रस्त्यावर घ्या म्हणाले."

"आणि रस्ता मोकळा केला?"

"तेवढा वेळ कुठला हो!"

ती मागच्या बोळात गेली. खरंच निर्जन होतं. दोन्ही बाजूंनी औषधांचे उंच रॅक, मध्ये फरशीची पट्टी. मशीन इथे बंद पडली असती तर फरशी ओली झाली असती, मशीनची फजिती झाली असती, आणि कुणाच्या केसाला धक्का लागला नसता. तिने सवयीने मोजपट्टी काढली आणि बोळाची रुंदी घेतली. मग परत येऊन मशीनची लांबी घेतली, वळायला लागणारी जागा विक्रेत्याला विचारली. आकडे वहीत लिहिताना तिचा हात थांबला.

तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलमधून. अक्का शुद्धीवर आल्या होत्या.

तिच्याकडे उत्तर होतं. फक्त ते चुकीचं निघावं, असं तिला मनापासून वाटत होतं.

६

अक्कांच्या डोक्याला पट्टी होती, पाय वजनाला टांगलेला. सेफ्टीबाईने खुर्ची ओढली. दाराबाहेर सून उभी होती. तिला तिनेच बरोबर आणलं होतं, मॅनेजरला न विचारता.

"अक्का, मी एक गोष्ट सांगते. चुकले तर थांबवा."

अक्कांनी मान हलवली.

"साडेदहाला सगळे चहाला गेले. तुम्ही हात धुवायचा साबण मशीनच्या घाण टाकीत ओतला. हॉल निघून जाईल, मागच्या बोळात फेस वर येईल आणि मशीन नापास होईल, असा हिशोब होता. बोळ बंद होते. कुणाला लागणार नव्हतं. मग लाऊडस्पीकर बोलला."

अक्का छताकडे बघत होत्या. थांबवत नव्हत्या.

"तुम्ही मोरीत होतात. खुंटीवरची पाटी ओढली आणि धावलात. पाणी पडायच्या आधीच तुम्हाला पाणी माहीत होतं. सगळ्या गोदामात एकट्या तुम्हाला."



"पाटी का घेतली कुणास ठाऊक," अक्का म्हणाल्या. आवाज खरखरीत होता. "नुसतं ओरडले असते तरी चाललं असतं. पण बावीस वर्षं हाताला सवय."

"का केलंत?"

"मॅनेजरनं यादी दाखवली. मुकादम म्हणून मला एकटीला, कुणाला बोलायचं नाही या बोलीवर. मोठी मशीन आली की पाच बायका कमी. लहान आली तर सगळ्या राहतात. पाच जणी, बाई. त्यांतल्या दोघींच्या घरात दुसरं कमावतं माणूस नाही." त्यांनी ओठ ओले केले. "आणि यादीत माझ्या सुनेचं नाव नव्हतं. तिला मशीनवर बसवायचं होतं ना. माझं घर राखून बाकीच्यांची घरं मोडायची, आणि मी गप्प बसायचं. रोज त्यांच्यासोबत डबा खायला कुठल्या तोंडानं बसू?"

"मला सांगायचं."

"तुम्ही काय केलं असतं?"

सेफ्टीबाईने प्रामाणिकपणे विचार केला. "मोजलं असतं," ती म्हणाली. "मागच्या बोळात ती मशीन वळतच नाही, अक्का. हातभर कमी पडतं. आणि गोदामाची अर्धी फरशी बोळांतच आहे. विक्रेता आधी मापं घ्यायला येतो म्हणत होता, मॅनेजरनं गरज नाही सांगितलं. तुम्ही बोटसुद्धा लावलं नसतं तरी ती आज नापासच झाली असती."

अक्कांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग त्यांनी हात डोळ्यांवर आडवा घेतला, आणि त्या हसताहेत की रडताहेत हे खांद्यांवरून कळेना.

"लिहा," त्या हाताआडून म्हणाल्या. "सगळं लिहा. अंगठा नाही, सही करीन. पण तिनं काही केलं नाही, हे पहिल्या ओळीत लिहा."

अहवाल पाचच्या ठोक्याला मोठ्या साहेबांच्या हातात पडला. पहिली ओळ सुनेची होती. दुसरी साबणाची. तिसरी त्या माणसाची, ज्याने चालता रस्ता मोकळा न करता मशीन त्यावर घातली आणि पाच जणींची यादी खिशात ठेवली. अक्कांची मुकादमी गेली, आणि त्यांनी तक्रार केली नाही. मॅनेजरची बदली झाली. लहान मशीन दोन आल्या. ज्या दिवशी त्या निवडल्या त्या दिवशी सेफ्टीबाईने सफाईच्या सगळ्या बायकांना बोळात उभं करून मूठ किती उंचीवर हवी, वजन पेलतं का, टाकी रिकामी करताना पाठ वाकते का, असं एकेकीला विचारलं. कुणी आपल्याला विचारेल याची सवय नसल्यानं पहिल्या दोघी नुसत्याच लाजल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी सेफ्टीबाई सही घेऊन बाहेर पडली आणि सून आत गेली. दार उघडंच राहिलं.

सून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. तिने सगळं ऐकलं होतं.

"मी चिरडले असते," ती म्हणाली.

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुला खोटं बोलावं लागलं असतं. चौकशीत, घरात, सगळीकडं. ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं नव्हतं."

"आणि आज दिवसभर मी काय वाहिलं? सासूला मारायला निघाली म्हणून सगळे बघत होते माझ्याकडे."



सुनेने उशाशी पडलेली त्यांची एक चप्पल उचलली, दुसरी पिशवीतून काढली आणि दोन्ही पलंगाखाली नीट लावून ठेवल्या. मग पदर खोचला.

"सकाळी सातला डॉक्टर येतात म्हणे," ती म्हणाली. "मी येईन. पण तुमच्याशी बोलणार नाही."

"नको बोलूस," अक्का म्हणाल्या. "ये."